दोन कार्बोरेटर आणि माझी मान

लग्न होऊन मी बडोद्याला आले तेव्हा गुजरात वेगळं होऊन दहाएक वर्षं झाली होती आणि संस्थान जाऊन त्याहून बरीच जास्त. आमच्या घरात मात्र ही बातमी नीटशी पोचलेली नव्हती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या मोटारखान्यात अधिकारी होते. विलीनीकरणानंतर सरकारी खात्यात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. घरात तरी सगळी शिस्त मोटारखान्यातल्या दिवसांचीच. जेवताना वाढण्यापुरतंच बोलायचं, मामंजी लहानथोर सगळ्यांना 'तुम्ही'च म्हणत, आणि सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर मध्ये तिसरं माणूस लागे. मामंजी अवघ्या दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत आणि मी सासूबाईंना म्हणे, "त्यांना विचारा, आणखी भात वाढू का?" सासूबाई मान वळवून विचारत, "आणखी भात वाढू का?" मामंजी म्हणत, "त्यांना सांगा, नको." मग सासूबाई मला सांगत, "नको म्हणतात." तोवर भात गार झालेला असे.

मी नाशिकची, बी.एस्सी. झालेली, भौतिकशास्त्र घेऊन. ध्वनीच्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. हे मी त्या काळी ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे, आणि दुसऱ्या पाच मिनिटांत लोक उठून जात. अशी ही विदुषी सासरी आली ती डोक्यावरून पदर घेऊन आणि आईचा एकच उपदेश पाठ करून: पहिलं वर्षभर कशालाही 'नाही' म्हणू नकोस.

दांडिया बाजारामागच्या गल्लीत आमचं घर. खाली रस्त्यालगत पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये मामंजींची गाडी. विलायती, दोनच माणसांची, वर छप्पर नाही, पुढचं नाक लांबलचक, दारं एवढी बुटकी की आत बसून हात खाली सोडला तर बोटं रस्त्याला लागतील. एका सरदारांच्या घरी ती वर्षानुवर्षं पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. मामंजींनी ती बैलगाडीमागे बांधून घरी आणली आणि दोन वर्षं रोज संध्याकाळी बसून, खिळान्‌खिळा सोडवून पुन्हा उभी केली. सुटे भाग विलायतेहून येणं बंद झालेलं. जे मिळत नसे ते मामंजी भंगारातून शोधत, नाहीतर कानशीनं घासून स्वतः करत. बाहेरच्या मेकॅनिकचा हात त्या गाडीला कधी लागला नाही.

त्या गाडीला दोन कार्बोरेटर होते. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजायचं काम कार्बोरेटरचं. साध्या गाडीला एक असतो. हिला दोन, म्हणजे पुढचा अर्ध्या इंजिनाला पाजणार, मागचा उरलेल्या अर्ध्याला. दोघांनी सारखं पाजलं पाहिजे. जुळ्यांतलं एक उपाशी राहिलं तर दोघांचाही दिवस खराब जातो, तसंच ते. हे जुळवायचं कसं, तर कानानं. रबराच्या नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी, आणि हवा आत जाते तिचा फुत्कार ऐकायचा. दोन्हीकडे सारखा झाला की मग एका बारीक स्क्रूड्रायव्हरनं आतलं पिस्टन केसभर उचलून इंजिनाचा आवाज ऐकायचा. क्षणभर चढून जागेवर आला तर ठीक. चढूनच राहिला तर पेट्रोल जास्त. पडला, इंजिन घुसमटलं, तर पेट्रोल कमी. मग कार्बोरेटरखालचा नट जरासा फिरवून पेट्रोल कमीजास्त करायचं. दर रविवारी सकाळी मामंजी हे करत, आणि मग गाडी हरणीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून येई.

मी आले त्याच वर्षी त्यांचे कान गेले. एकदम नाही, पण दिवाळीपर्यंत त्यांना टाळ्या दिसत, ऐकू येत नसत. ते कोणाला बोलले नाहीत, समोरच्याचे ओठ वाचून निभावत. एका रविवारी सासूबाई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "खाली बोलावलंय तुला."

"मला?"

"ध्वनी की काय ते तूच शिकलीस ना? चार महिने ऐकतोय आम्ही सगळे."

असा मी मोटारीचा कान झाले.

आता अडचण अशी की शेडमध्ये तिसरं माणूस नव्हतं. सासूबाईंना पेट्रोलच्या वासानं मळमळे आणि आमचे हे रविवारी क्रिकेट खेळायला जात. पण मामंजींनी त्यातूनही मार्ग काढला. बॉनेटवर हात ठेवून ते गाडीला म्हणाले, "बाईसाहेब, सूनबाईंना विचारा, पुढचा ठीक आहे का?"

आणि मी, भौतिकशास्त्राची पदवीधर, डोक्यावरचा पदर कानापर्यंत ओढलेला, त्या पदरावरून रबराची नळी कानाला लावून बसलेली. काय ऐकू येणार? थोडी सुरसुर आली. मी मान डोलावली. ते मागच्या कार्बोरेटरकडे वळले. मी पुन्हा मान डोलावली. गॅसवर वरण ठेवून आले होते ते उतू जाईल, या भीतीनं तिसऱ्यांदाही डोलावली. पंधरा मिनिटांत काम फत्ते. मामंजी गाडीला म्हणाले, "सूनबाईंचा कान चांगला आहे." मी जिना चढले ती हवेत तरंगत.

पुढच्या रविवारी पदर थोडा सरकला आणि मला नीट ऐकू आलं. मामंजींनी पुढचं पिस्टन उचललं आणि इंजिनाचा आवाज पडला. स्पष्ट पडला. घशात घास अडकलेल्या माणसासारखं इंजिन घुसमटलं आणि पिस्टन सोडल्यावर सावरलं. पेट्रोल कमी आहे, हे त्यांनीच मला समजावलेलं, गाडीमार्फत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.

का, ते मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं. आज 'नाही' म्हटलं तर मागच्या रविवारचं 'हो' खोटं होतं हे कबूल करावं लागलं असतं, हे एक. सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं, हे दुसरं. आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं, मला चांगली सून म्हणत होते, ते मोडवेना. पहिलं खोटं भित्रं होतं. दुसरं जरा लाडकं होऊन बसलं. त्यानंतर मोजायचं सोडून दिलं मी. दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी तो आवाज पडत राहिला आणि माझी मान वरखाली होत राहिली. तेव्हाचा माझा फोटो आहे एक, त्या गाडीशेजारी उभी असतानाचा. किती शहाणा चेहरा करून उभी आहे, बघवत नाही.

होळीनंतर गाडी फटफट करायला लागली. रेल्वेच्या पुलाच्या चढावर तिचा दम गेला आणि चार जणांनी ढकलत ती घरी आणली. मामंजींनी कोणाला काही न बोलता कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि कामाला लागले. त्यांची तपासायची रीत मी जिन्यात उभी राहून पाहिली. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. काढल्यावर इंजिन लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता. दुसऱ्या सिलिंडरची वायर काढली आणि काहीच फरक पडला नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते गाडीच्या अंगावर तळहात पसरून थरथर पाहत होते. मग चारही प्लग काढले. यांना पुढून हँडल फिरवायला सांगितलं आणि प्रत्येक भोकावर अंगठा दाबून धरला. तीन ठिकाणी हवेनं अंगठा उडवला. दुसऱ्यावर तो तसाच राहिला. व्हॉल्व्ह जळला होता, सिलिंडर हवा धरत नव्हता.

मग त्यांनी ते चार प्लग वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवले. मागचे दोन भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे निरोगी. पुढचे दोन चुन्यासारखे पांढरे. पेट्रोल कमी पडून इंजिन आत तापत राहिलं की प्लग असे होतात. ते बराच वेळ त्या पांढऱ्या प्लगकडे पाहत राहिले. मी जिन्यात होते. मला त्या क्षणी खाली जायला पाहिजे होतं. मी वर गेले आणि पोळ्या लाटल्या.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी शिस्त मोडली. ताटावरून सासूबाईंना म्हणाले, "पुढचा कार्बोरेटर चार-पाच महिने उपाशी चालवला मी. मी. कान गेले त्याचं काही नाही, वयाप्रमाणे जातात. पण हात गेला."

"एवढ्याशा गोष्टीनं हात जातो होय?" सासूबाई म्हणाल्या.

"नट फिरवताना बोटांना कळतं. कळत असे. आता कळत नाही." मग पाणी पिऊन म्हणाले, "नंदेसरीच्या शेठना निरोप पाठवतो. त्यांना गाडी हवी होती."

त्यांनी गाडी विकायचं ठरवलं याचं कोणाला फारसं वाटलं नाही. यांना तर हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, मामंजींनी घरातल्या घड्याळाला किल्ली द्यायचं सोडलं. दाराची कडी सैल झाली होती ती त्यांनी सुताराला बोलावून बसवून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. हत्यारं रॉकेलनं पुसली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि पेटी बंद केली. मग ओसरीवर बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. ते हात दुसऱ्या कोणाचे असावेत, तसे.

मी सासूबाईंना सांगितलं. रडत, भांडी घासता घासता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग सांग जाऊन."

"मी? मामंजींना?"

"मग काय मोटारीला सांगणारेस?"

"तुम्ही सांगा ना."

"मी चाळीस वर्षं त्यांना हो म्हणतेय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या म्हणण्यावर कोण विश्वास ठेवील?"

शनिवारी शेठ आले. नंदेसरीला त्यांचा रंगांचा कारखाना. माणूस भला, अंगानं भरलेला, त्या गाडीत बसलाच असता तर पुन्हा निघता निघाला नसता. ते गाडीभोवती फिरले, "वाह, शुं गाडी छे!" म्हणाले. मामंजी ताठ उभे होते. त्यांनी शेठना सगळं खरं सांगितलं. व्हॉल्व्ह जळलाय. गाडीत मुळात दोष नाही.

"माझ्या हातानं जळला तो," ते म्हणाले. "मी नीट लावू शकलो नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. आता मी जे केलं ते शौर्यानं केलं असं लिहिलं तर माझी नातवंडं हसतील. ट्रेमधल्या बश्या वाजत होत्या. आणि तोंडातून निघालं, "नाही! मामंजी, नाही!"

सगळे वळले. मामंजी सोडून. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. मग मी ट्रे बॉनेटवर ठेवला, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमचा हात नाही गेला! तुम्ही विचारत होता आणि मी मान डोलावत होते! आवाज पडत होता! दिवाळीपासून दर रविवारी पडत होता!"

हे मागून म्हणाले, "हळू बोल, लोक ऐकतायत."

"हळू बोललं तर त्यांना ऐकू येत नाही!"

समोरच्या गॅलरीत पाटलांच्या काकी धुणं वाळत घालता घालता थांबल्या. मामंजी माझ्याकडे पाहत होते. लग्नानंतर त्यांनी माझा चेहरा पहिल्यांदाच सरळ पाहिला असावा, कारण डोक्यावरचा पदर कधीच पडला होता.

"दिवाळीपासून?" त्यांनी विचारलं. मला. गाडीला नाही.

"हो."

"का?"

मी रडायला लागले. ते शेठकडे वळून म्हणाले, "शेठ, माफ करा. गाडी आज द्यायची नाही."

शेठनी बॉनेटवरचा कप उचलला. "कंई वांधो नहि, काका. गाडी नहि तो चा तो पीशुं ने!"

ते पुढचे आठ दिवस मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते आधीही बोलत नव्हते, त्यामुळे घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. पण पूर्वीच्या न बोलण्यात आणि या न बोलण्यात फरक होता. भात 'नको' असल्याचंही ते आता कोणाकरवी कळवत नसत, नुसता हात आडवा धरत. मी चुकले होते आणि मला शिक्षाही नीट झालेली नव्हती. रागवले असते तर सोपं गेलं असतं. माझ्या भित्रेपणामुळे एका माणसानं आठवडाभर स्वतःचे हात मांडीवर ठेवून ते मेले असं समजून घेतलं होतं. हे आजही कधी पोळी लाटताना आठवतं आणि लाटणं थांबतं.

नवव्या दिवशी खालून हाक आली. "सूनबाई!"

मी खाली गेले. इंजिनाचं वरचं झाकण उतरवून बाकावर ठेवलेलं होतं. भंगारबाजारात एका जुन्या बंद छपराच्या गाडीचा व्हॉल्व्ह त्यांना मिळाला होता, तो बसत होता, पण नवीन व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासून बसवावा लागतो. खरखरीत मलम लावायचं आणि लाकडी दांडीला रबराची वाटी असलेलं हत्यार व्हॉल्व्हला चिकटवून, ती दांडी दोन्ही तळहातांत धरून उलटसुलट फिरवत राहायचं.

"रवी फिरवता येते का?" त्यांनी विचारलं.

"येते."

"ही तशीच. ताक समजा. मधूनमधून उचलायची."

मी बसले आणि फिरवायला लागले. सासूबाई जिन्यातून डोकावून म्हणाल्या, "लोणी आलं तर वर पाठवा." मामंजींना ऐकू आलं नाही, पण मला हसू आलं, आणि माझं हसू पाहून त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. दुपारपर्यंत माझे तळहात सोलवटले. त्यांनी व्हॉल्व्हच्या कडेवरची राखाडी रेघ बोटानं चाचपली, सगळीकडे सारखी आहे का ते पाहिलं. बोटांना कळत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं.

रविवारी इंजिन पुन्हा जोडून झालं. नळी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "पदर कानावरून काढा. आणि मान हलवायची नाही. तोंडानं बोलायचं."

"पुढचा ठीक?"

"नाही."

त्यांनी नट पाव घेर फिरवला. "आता?"

"नाही."

वरण उतू गेलं, करपलं, त्याचा वास शेडपर्यंत आला. दहा वेळा, वीस वेळा मी नाही म्हटलं असेल. एकदाही त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही. उलट प्रत्येक 'नाही'ला ते थोडे अधिक सरळ होत होते, थोडे अधिक वाकून पाहत होते. मग एकदा त्यांनी पिस्टन उचललं आणि आवाज केसभर चढून शांतपणे जागेवर आला.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटले आणि बराच वेळ तसे उभे राहिले. मग म्हणाले, "हो."

गाडी राहिली. पुढची बारा-तेरा वर्षं राहिली. मी व्हॉल्व्ह घासायला शिकले, प्लगचा रंग वाचायला शिकले, पंख्याचा पट्टा बदलायला शिकले. शहराच्या टोकाला, समा गावाच्या बाजूला नव्या सोसायट्या उठत होत्या, तिथल्या एका शाळेत मला भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी लागली, आणि रविवारी मात्र मी शेडमध्ये. घरातली बाकी शिस्त तशीच राहिली, पण मध्ये तिसरं माणूस उरलं नाही. मामंजी माझ्याशी थेट बोलत. डोळे दाखवून आले की मला विचारत, डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांगा. हे म्हणत, "काळजीचं काही नाही, बाबा." मामंजी माझ्याकडे पाहत.

एका रविवारी दुपारी आम्ही हरणीच्या रस्त्याला होतो. तेव्हा विमानतळाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना शेतंच होती. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई कडेनं चालत होती, सरळ समोर, लख्ख उन्हात. मी ओरडले. त्यांना ऐकू येणार नव्हतंच. मी त्यांच्या हातातल्या स्टिअरिंगच्या चाकावर झेप घातली, गाडी वळली, बाईनं उडी मारली आणि भारा रस्त्यावर पडला. तिनं आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या रास्त होत्या. मामंजी खाली उतरले, हात जोडले, तिच्या डोक्यावर भारा चढवून दिला आणि परत येऊन चाकामागे बसले.

"मला ती दिसली नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "सूनबाई, मी अजून चालवू?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यांचे डोळे ते खोटं मागतच होते, आणि त्यांना ते पटलंही असतं, कारण इतकी वर्षं मी त्यांच्याशी खोटं बोललेच नव्हते.

"नाही, मामंजी," मी म्हणाले.

ते उतरले, बॉनेटवर तळहात टेकत पुढून वळसा घालून आले आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सरका तिकडे."

"मला चालवता येत नाही."

"इंजिन उघडता येतं, जोडता येतं, आणि चालवता येत नाही?"

"कोणी शिकवलंच नाही."

"कोणी म्हणजे मीच ना," ते हळूच म्हणाले. "सरका. क्लच दाबा. तो डावीकडचा."

मी पस्तिशी गाठलेली मास्तरीण, पहिल्या गिअरमध्ये हरणीहून निघाले. चाकावरून हात काढायची छाती होईना. इंजिन किंचाळत होतं, सायकलवाले आम्हाला मागे टाकून हसत पुढे जात होते. मामंजी डावीकडे बसून, तळहात समोरच्या फळीवर पसरून, रस्त्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की वारा होता, मी विचारलं नाही.

"सूनबाई, आवाज कसा आहे?"

"वाईट!" मी ओरडले. "फार वाईट!"

"मग दुसरा टाका."

चौथ्या खेपेला दुसरा गिअर पडला.